जर्सीची पॉलिसी, पेन्सिल्वेनियात अपघात, समोरचा विनाविमा: कायदा कुठल्या राज्याचा लागणार?

इंद्रायणी
नमस्कार मंडळी. इथे विम्यातले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारते.

आम्ही एडिसनला राहतो. दोन गाड्या, दोन्ही न्यू जर्सीत नोंदवलेल्या, दोन्ही एकाच पॉलिसीत. सासू-सासरे सांगलीहून आलेत, त्यांना पेन्सिल्वेनियातलं हर्शी दाखवायला निघालो होतो. आय-७८ वर हॅम्बर्गच्या अलीकडे एका पिकअपने लेन बदलताना आमच्या मागच्या दाराला ठोकलं, गाडी गर्रकन फिरून कठड्यावर आदळली. नवऱ्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. सासूबाईंचं मनगट मोडलं. पिकअपवाल्याने कार्ड दाखवलं, पण त्याची पॉलिसी कधीच बंद पडली होती. पोलिसांच्या रिपोर्टात तसं स्पष्ट लिहिलंय.

म्हणजे आता आमच्याच पॉलिसीतलं अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर (समोरचा विनाविमा निघाला तर भरपाई देणारं) वापरायचं. मर्यादा माणशी एक लाख डॉलर, एका अपघाताला तीन लाख. नवऱ्याचा एक सहकारी ॲलनटाउनला राहतो. तो छातीठोकपणे सांगतोय की अपघात पेन्सिल्वेनियात झाला म्हणजे तिथलाच कायदा, आणि तिथे पॉलिसीत दोन गाड्या असल्या की मर्यादांची बेरीज होते, म्हणजे माणशी दोन लाख. आमची कंपनी म्हणते एकच लाख. कोण बरोबर?

खडूस
वकील गाठा. धाग्यावर कायदा विचारणं आणि व्हॉट्सॲपवर औषध विचारणं सारखंच.

इंद्रायणी
वकिलाची वेळ घेतली आहे हो. जाण्याआधी निदान काय विचारायचं ते तरी कळू दे.

क्लेमकाका
इंद्रायणी, आधी सगळे ठीक आहात ना? सासूबाईंना विचारल्याचं सांगा.

माझी सगळी नोकरी क्लेमच्याच टेबलावर झाली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सहकाऱ्याची बेरजेबद्दलची माहिती खरी आहे, फक्त ती तुम्हाला लागू नाही. तुमच्या क्लेममध्ये प्रश्न दोन आहेत आणि लोक ते एकात एक कालवतात.

पहिला प्रश्न: पिकअपवाल्याची चूक होती का, किती होती, आणि नवऱ्याचं नुकसान किती. हा रस्त्यावरचा प्रश्न. याला साधारणपणे अपघात जिथे झाला तिथला कायदा लावतात.

दुसरा: तुमची कंपनी तुम्हाला किती देणं लागते. कोण कव्हर्ड, मर्यादा किती, दोन गाड्यांची बेरीज होते का, आधी मिळालेले पैसे वजा होतात का. हा तुम्ही आणि कंपनी यांच्यातल्या कराराचा प्रश्न. करार जर्सीत झाला, गाड्या रात्री जर्सीत उभ्या राहतात, हप्ता जर्सीच्या दरांनी ठरला. त्यामुळे इथे जर्सीचा कायदा. जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सिमन्सच्या खटल्यात हेच सूत्र घालून दिलं: पॉलिसीचा करार जिथे झाला तिथला कायदा सहसा लागतो, दुसऱ्या एखाद्या राज्याचा संबंध त्याहून ठळकपणे जवळचा असेल तरच तो बदलतो. हर्शीला जाताना आय-७८ वरून गेलात एवढ्याने पेन्सिल्वेनियाचा संबंध जवळचा होत नाही.

आणि जर्सीच्या कायद्यात सरळ लिहिलंय की या कव्हरच्या मर्यादा गाड्यांच्या संख्येने वाढत नाहीत. एका पॉलिसीत दोन गाड्या असोत की घरात दोन पॉलिसी असोत. माणशी एक लाख म्हणजे एक लाख.

पेनकर
काकांना दुजोरा. मी पेन्सिल्वेनियातल्या लँकेस्टरला राहतो. आमच्याकडे बेरीज आपोआप होते, नको असेल तर फॉर्मवर सही करून सोडावी लागते. सोडली की हप्ता कमी होतो. म्हणजे ज्याला बेरीज मिळते तो तिचे पैसे भरत असतो. जर्सीवाल्यांनी ते भरलेलेच नाहीत, मग मागायचं कशाच्या जोरावर?

उलटा फरकही आहे. आमच्याकडे हे कव्हर सही करून पूर्ण नाकारताही येतं. कितीतरी देशी मुलं ऑनलाइन पॉलिसी घेताना दर महिन्याला चार पैसे वाचवायला तिथे टिक मारतात. जर्सीत स्टँडर्ड पॉलिसी घेतलीत तर ते सोडताच येत नाही.

मिनेसोटी
काका, नियम एवढा पक्का असता तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत हा वाद गेलाच नसता. आमच्याकडचा ऑलस्टेट (विमा कंपनी) विरुद्ध हेग खटला, १९८१, आठवतोय ना?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मिसिसिपीच्या या काठाला मिनेसोटातलं रेड विंग गाव, पलीकडे विस्कॉन्सिन. राल्फ हेग विस्कॉन्सिनात राहायचा आणि रेड विंगला कामाला यायचा, १५ वर्षं, रोज नदी ओलांडून. १९७४ मध्ये मोटरसायकलवर मागे बसलेला असताना गाडीने मागून धडक दिली, त्यात तो गेला. अपघात विस्कॉन्सिनात, मोटरसायकल चालवणारा विस्कॉन्सिनचा, गाडीवाला विस्कॉन्सिनचा, दोघांकडेही विमा नाही. हेगची स्वतःची पॉलिसीही विस्कॉन्सिनात दिलेली. तीन गाड्या, प्रत्येकीवर १५,००० डॉलरचं अनइन्शुअर्ड कव्हर.

बायको नंतर रेड विंगला राहायला आली आणि तिने मिनेसोटात दावा ठोकला: तीन गाड्यांची बेरीज करून ४५,००० द्या. मिनेसोटाचा कायदा तेव्हा बेरीज मान्य करायचा. कंपनी म्हणाली, विस्कॉन्सिनचा कायदा लावा, १५,००० घ्या. मिनेसोटाच्या न्यायालयाने आपलाच कायदा लावला, कारण त्यांच्या मते दोन्हींतला तो जास्त चांगला! आणि वॉशिंग्टनने ते उचलून धरलं. म्हणजे सगळं विस्कॉन्सिनचं असून कायदा लागला मिनेसोटाचा.

खडूस
"आमचा कायदा जास्त चांगला" हे न्यायालयाने लिहून दिलं? ग्रामपंचायतीतसुद्धा इतकं उघड बोलत नाहीत.

मिनेसोटी
त्याला लेफ्लार नावाच्या प्राध्यापकाची पाच मुद्द्यांची पद्धत म्हणतात, पाचवा मुद्दा हाच. विनोद नाही, खरंच आहे.

वकीलबाई
हेगचं उदाहरण नेहमी येतं आणि नेहमी गरजेपेक्षा जास्त ताणलं जातं. मी विमा कंपन्यांच्या विरुद्ध बाजूने काम करते, तरी सांगते.

सर्वोच्च न्यायालयाने "मिनेसोटाने बरोबर केलं" असं म्हटलं नाही. प्रश्न फक्त राज्यघटनेचा होता: राज्याशी संबंधाच्या एवढ्याच धाग्यांवर स्वतःचा कायदा लावणं अन्यायाचं किंवा मनमानी ठरतं का? न्यायमूर्ती ब्रेनन आणि आणखी तिघांनी तीन धागे मोजले. हेग मिनेसोटात नोकरी करायचा, कंपनीचा धंदा मिनेसोटातही होता, आणि विधवा दाव्याआधी तिथे राहायला आली होती. स्टीव्हन्स यांनी निकाल मान्य केला पण कारणं स्वतःची दिली. तिघे विरोधात होते, एक न्यायमूर्ती सहभागीच नव्हते. इतक्या काठावरचा निकाल. त्याचा अर्थ एवढाच की राज्यघटना राज्यांना या बाबतीत बरीच मोकळीक देते. ती मोकळीक प्रत्येक राज्य कशी वापरतं, ते त्या त्या राज्याच्या न्यायालयांवर.

म्हणून खरा पहिला प्रश्न असतो दावा कुठे लावायचा. कुठल्या राज्याचा कायदा लावायचा हे ठरवण्याचे नियम न्यायाधीश स्वतःच्या राज्याचे वापरतो. प्रकरण फेडरल न्यायालयात गेलं तरी सुटका नाही, १९४१ च्या क्लॅक्सन निकालापासून फेडरल न्यायाधीशही ज्या राज्यात बसलाय तिथलेच नियम वापरतो.

ढोबळ तीन तऱ्हा आहेत. फ्लोरिडा, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायनासारखी राज्यं अजून जुन्या नियमाने चालतात, करार जिथे झाला तिथला कायदा. न्यूयॉर्कने १९९३ च्या स्टोलार्झ प्रकरणात धागे मोजायचं सूत्र वापरलं: वाटाघाटी कुठे, सही कुठे, गाडी कुठली, पक्ष कुठले. आणि बरीच राज्यं १९७१ च्या रिस्टेटमेंटचं (न्यायालयं आधाराला घेतात तो कायद्याच्या नियमांचा संग्रह) कलम १९३ पाहतात, ज्यात विचारतात की ज्या धोक्याचा विमा घेतला तो मुख्यतः कुठे आहे, म्हणजे गाडी रोज कुठे उभी असते. इंद्रायणीताईंच्या बाबतीत तिन्ही वाटा एडिसनलाच येतात. मिनेसोटात बिऱ्हाड हलवून फायदा नाही हो. शिवाय मिनेसोटाने पुढे कायदा करून ती बेरीजही बंद केली.

मिनेसोटी
शेवटचं वाक्य मी मुद्दाम गाळलं होतं. 😀

कोथरूडकर
अज्ञानी प्रश्न. एकाच देशात ५० कायदे का? आपल्याकडे मोटर वाहन कायदा सगळीकडे एकच. अपघात बेळगावजवळ झाला तरी दावा पुण्यात लावता येतो, कायदा तोच राहतो.

क्लेमकाका
१९४५ चा मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा. विम्याचं नियमन अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, राज्यांवर सोपवलं, ते आजतागायत तसंच आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये गाडीचा विमा सक्तीचाच नाही. व्हर्जिनियात परवापरवापर्यंत ५०० डॉलर सरकारला भरले की विनाविमा गाडी रीतसर चालवता यायची, ते १ जुलै २०२४ पासून बंद झालं. मिशिगनमध्ये अनइन्शुअर्ड कव्हर ऐच्छिक. आणि या सगळ्या गाड्या एकाच हायवेवर.

पुण्याला एक सांगायला हवं: भारतात दावा कुठे लावायचा हे सोपं आहे, पण समोरचा विनाविमा निघाला तर स्वतःच्या पॉलिसीतून पूर्ण भरपाई मागायची अशी सोय आपल्या नेहमीच्या पॉलिसीत नाही. मालक-चालकासाठीचं १५ लाखांचं अपघात कव्हर आहे, ते मृत्यू आणि अपंगत्वापुरतं. ठोकून पळून गेला तर सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. तिथला एक कायदा बरा की इथली ५० कव्हरं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

वकीलबाई
काकांचा पहिला मुद्दा, "रस्त्यावरचा प्रश्न", लोक हलक्यात घेतात, म्हणून थांबून सांगते. खरं नुकसान तिथे होतं.

पॉलिसीत वाक्य असतं की विनाविमा चालकाकडून जे मिळण्याचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे, ते आम्ही देऊ. हक्कच नसेल तर कंपनीकडूनही शून्य. आणि हक्क आहे की नाही हे बहुधा अपघाताच्या राज्याचा कायदा सांगतो. पेन्सिल्वेनिया आणि जर्सीत तुमची चूक समोरच्यापेक्षा जास्त नसेल तर तुमच्या वाट्याची टक्केवारी कापून बाकीचं मिळतं. हाच अपघात हॅम्बर्गऐवजी वॉशिंग्टनला जाताना मेरीलँडात किंवा पुढे व्हर्जिनियात झाला असता, तर? तिथे आणि नॉर्थ कॅरोलायनात जुना नियम अजून आहे: तुमची एक टक्का चूक सिद्ध झाली तरी सगळा दावा गेला. समजा इंडिकेटर न देता तुम्हीही थोडे सरकला होतात असं कोणी म्हटलं. जर्सीत १० टक्के कापले जातील. व्हर्जिनियात जर्सीची तीच एक लाखाची पॉलिसी हातात घेऊन रिकाम्या हाताने परत.

म्हणून जबाब देताना सांभाळा. तुमची कंपनी या क्लेममध्ये तुमची प्रतिपक्ष आहे. एरवी गोड बोलणारा ॲडजस्टर (क्लेम तपासणारा कंपनीचा माणूस) इथे पिकअपवाल्याच्या जागी उभा असतो आणि त्याचे सगळे बचाव वापरू शकतो.

इंद्रायणी
अरे बापरे. कंपनीने रेकॉर्डेड स्टेटमेंट मागितलंय, परवा फोन येणार आहे.

वकीलबाई
सहकार्य करण्याचं बंधन पॉलिसीतच असतं, त्यामुळे नकार देऊ नका. वकिलाची भेट होईपर्यंत तारीख पुढे घ्या. तेवढं मागण्यात काही वावगं नाही.

ऑर्लँडोचा बंड्या
फ्लोरिडाचं लिहितो, कारण इथे हिवाळ्यात अर्धी जर्सी उतरते, त्यात आपले निवृत्त काका-काकूही आले.

२००६ चा रोचचा निकाल आहे. इंडियानाचं जोडपं, पॉलिसी इंडियानाची, दर हिवाळ्यात काही महिने मुक्काम फ्लोरिडात. अपघातही फ्लोरिडात. त्यांना फ्लोरिडाचा नियम हवा होता, कारण समोरच्याचा विमा अपुरा पडला तर काय मिळतं यात इंडियाना जास्त हात आखडता घेतं. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. तात्पुरते राहायला आलात, करार इंडियानाचा, कायदा इंडियानाचा.

पण त्याच न्यायालयाने १९७४ मध्ये गिलेन प्रकरणात उलट केलं होतं. पॉलिसी न्यू हॅम्पशायरची, पण कुटुंब फ्लोरिडात कायमचं राहायला आलं आणि तसं कंपनीला कळवलं होतं. तिथे फ्लोरिडाचा कायदा लावला आणि कंपनीचं अडचणीचं कलम रद्द ठरवलं. दोन निकालांतला फरक बघा: बिऱ्हाड खरंच हललं होतं का, आणि कंपनीला ते माहीत होतं का.

खडूस
म्हणजे जे पत्ता लपवून स्वस्त राज्याचा हप्ता भरतात त्यांची गंमत आहे.

क्लेमकाका
गंमत कसली, फजिती. न्यूयॉर्क शहरात राहून गाडी पेन्सिल्वेनियातल्या मावसभावाच्या पत्त्यावर दाखवणारे आपल्यात कमी नाहीत. अपघात झाला की कंपनी पहिल्यांदा गाडी कुठे उभी राहायची तेच शोधते. टोल पासाच्या नोंदी, ऑफिसची पार्किंग, मुलांची शाळा. मग कायदा कोणता हा वाद मागे पडतो आणि पॉलिसीच रद्द करायची भाषा सुरू होते. बऱ्याच राज्यांचे अनइन्शुअर्ड कव्हरचे कायदे फक्त त्या राज्यात दिलेल्या आणि तिथे नोंदवलेल्या किंवा मुख्यतः तिथेच ठेवलेल्या गाड्यांनाच लागू असतात. शब्द नीट वाचा: ठेवलेल्या. चालवलेल्या नव्हे.

पेनकर
उलट्या दिशेचा एक खड्डा दाखवून ठेवतो, कारण आमच्याकडचे अर्धे लोक खरेदीला एडिसनला येतात. जर्सीचा एक कायदा आहे, वकील त्याला डीमर म्हणतात. तुमच्या कंपनीला जर्सीत धंद्याची परवानगी असेल, तर तुमची परराज्यातली पॉलिसी गाडी जर्सीत असताना जर्सीच्या किमान अटी पाळते असं मानलं जातं. वैद्यकीय खर्चाचं कव्हर, किमान अनइन्शुअर्ड कव्हर, सगळं येतं. ऐकायला छान. पण त्याबरोबर जर्सीची दाव्यावरची मर्यादाही येते: कायमची किंवा गंभीर इजा असल्याशिवाय वेदनांची भरपाई मागता येत नाही. मी फुल टॉर्टसाठी (वेदनांची भरपाई मागायचा पूर्ण हक्क) वर्षानुवर्षं जादा हप्ता भरतोय. एडिसनच्या ओक ट्री रोडवर मला जर्सीच्या कोणी ठोकलं तर तो जादा हप्ता बहुधा वाया.

कुणी म्हणेल करार जिथला तिथलाच कायदा. एवढं सरळ नाही.

वकीलबाई
बरोबर. नियमाला छेद देणारा कायदा असला की नियम बाजूला.

इंद्रायणी
सासूबाईंचं काय? त्या पॉलिसीत नाहीत, व्हिजिटर व्हिसावर आहेत. त्यांचा प्रवास विमा म्हणतोय आधी गाडीच्या विम्याला विचारा.

क्लेमकाका
त्या तुमच्या गाडीत, तुमच्या परवानगीने बसल्या होत्या ना? मग गाडीत बसलेली व्यक्ती म्हणून अनइन्शुअर्ड कव्हर त्यांनाही आहे, माणशी एक लाख, व्हिसा कुठलाही असो. तीन लाखांची मर्यादा सगळ्यांना मिळून.

इलाजाच्या खर्चासाठी जर्सीचं पीआयपी (पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन) कव्हर आहे, तेही तुमच्या गाडीतल्या प्रवाशाला मिळतं आणि गाडीबरोबर पेन्सिल्वेनियातही येतं. ते कोणाच्या चुकीवर अवलंबून नसतं. आधी पॉलिसीच्या पहिल्या पानावर आकडा बघा. जर्सीत तो अडीच लाखांचा असतो, पण हप्ता कमी करायला लोक १५,००० वर आणून ठेवतात आणि विसरतात.

इंद्रायणी
पाहिलं. अडीच लाखच आहे. पॉलिसी घेताना नवऱ्याने एजंटला कमी करू दिलं नव्हतं. आज त्याला चहा मिळेल.

डॅलसवाला
धागा हायजॅक करतोय, माफ करा. मी महिन्याभरापूर्वी पिस्कॅटवेहून डॅलसजवळ फ्रिस्कोला आलो. गाडी ट्रकमधून आणली. नंबरप्लेट आणि पॉलिसी दोन्ही अजून जर्सीचीच, नूतनीकरण चार महिन्यांनी आहे. तोवर चालेल ना? हप्ता इथे वेगळा पडेल म्हणून टाळतोय.

क्लेमकाका
चालणार नाही. टेक्ससात नव्या रहिवाशाला गाडी ३० दिवसांत नोंदवावी लागते, ती मुदत संपत आली असेल. विम्याचं त्याहून महत्त्वाचं. गाडी आता फ्रिस्कोत उभी असते हे कंपनीला ईमेलने आजच कळवा आणि उत्तर जपून ठेवा. कळवलंत तर वाद फक्त कुठल्या राज्याचं कव्हर यावर होईल. लपवलंत तर कव्हर आहे का यावरच होईल.

वकीलबाई
टेक्ससाचं आणखी एक. तिथला विमा कायदा टेक्ससाच्या रहिवाशाला तिथे धंदा करणाऱ्या कंपनीने द्यायच्या पॉलिसीवर टेक्ससाचाच कायदा लावतो. तुमची पॉलिसी जर्सीत असताना काढलेली, म्हणून तुम्ही नेमके फटीत आहात. नवीन पॉलिसी घेताना दोन गोष्टी बघा. अनइन्शुअर्ड कव्हर टेक्ससात लेखी नाकारता येतं, तेव्हा एजंटने पुढे केलेल्या गठ्ठ्यात ती सही होऊ देऊ नका. आणि ठोकून पळालेल्या गाडीचा क्लेम तिथे प्रत्यक्ष धडक झाली असेल तरच उभा राहतो. कुणी अंगावर आला, तुम्ही वाचवायला गेलात आणि खांबावर आपटलात, तो पसार, तर टेक्ससात अवघड आहे. कॅलिफोर्नियातही तसंच. डॅशकॅम बसवलात तर चालकाची नंबरप्लेट तरी सापडेल.

डॅलसवाला
ईमेल पाठवली. उत्तर आलं की टाकतो.

इंद्रायणी
वकिलांशी फोनवर बोलणं झालं. बेरजेचं काकांनी सांगितलं तेच म्हणाले, जर्सीचा कायदा, माणशी एक लाख. पिकअपवाल्यावर दावा करायचा तर पेन्सिल्वेनियात दोन वर्षांची मुदत आहे. आमच्या कंपनीविरुद्धचा क्लेम करारावरचा म्हणून जर्सीत सहा वर्षं, पण त्यावर विसंबून बसू नका म्हणाले. एक नवीन कळलं: पिकअपची मालकी चालकाकडे नाही, एका छोट्या रूफिंग ठेकेदाराकडे आहे. ठेकेदाराचा वेगळा धंद्याचा विमा निघाला तर गाडी विनाविमा धरायचीच की नाही, हे आधी बघावं लागेल.

वकीलबाई
हे आधी सांगायला हवं होतं वकिलांनी! ठेकेदाराची पॉलिसी निघाली आणि तिची मर्यादा तुमच्यापेक्षा कमी असेल तर प्रश्न अंडरइन्शुअर्डचा (समोरच्याचा विमा अपुरा) होतो, आणि जर्सीत ते कव्हर वेगळं, ऐच्छिक असतं. पहिल्या पानावर तोही आकडा आहे का बघा आणि इथे लिहा. ठेकेदाराच्या कंपनीशी परस्पर तडजोड मात्र करू नका. तुमच्या कंपनीला आधी लेखी कळवल्याशिवाय त्या कागदावर सही केलीत तर अंडरइन्शुअर्डचा हक्क जाऊ शकतो.